‘पाठीतलं पाणी काढायचंय, सही करा’: भावाच्या मेनिन्जायटिसच्या निमित्ताने

निशिगंध | सोमवार, रात्री १०:१४

माझा धाकटा भाऊ, वय ३६, एरवी ठणठणीत. सर्दी झाली, मग डावा कान ठणकायला लागला. तिसऱ्या दिवशी सणसणून ताप, डोकं इतकं दुखत होतं की खोलीतला दिवा लावू देईना. रात्री दोनदा उलटी. आम्ही म्हटलं, तापामुळे असेल. सकाळी पाहिलं तर हा फोनचा चार्जर कानाला लावून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मला ओळखलं, पण वार विचारला तर नुसता बघत राहिला.

तासाभरात इमर्जन्सीत पोचलो. डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, कान बघितला आणि सांगितलं, “बॅक्टेरियल मेनिन्जायटिस वाटतोय, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांना जंतूंमुळे सूज. पाठीतलं पाणी काढून तपासायचंय. सही करा.”

आणि मी सही केली नाही. चाळीस मिनिटं. फोनाफोनी करत बसले. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी ठासून सांगितलं, “मणक्यात सुई घालू देऊ नकोस, माणूस कमरेखाली लुळा होतो.” हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या नशिबाने डॉक्टर माझ्यासाठी थांबले नाहीत. मी फोनवर असतानाच त्यांनी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) घेतलं, डेक्सामेथासोन दिलं आणि पाठोपाठ अँटिबायोटिक सुरू केलं. मला एवढंच म्हणाले, “औषधाला तुमच्या सहीची वाट बघायला लावणार नाही. पण पाणी जितक्या लवकर मिळेल तितकं जंतू कोणता ते नक्की कळेल.”

मग सही केली. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, कंबर बधिर केली. पंधरा-वीस मिनिटांत झालं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी निरोगी माणसात नळाच्या पाण्यासारखं नितळ असतं. त्याचं साबणाच्या पाण्यासारखं गढूळ होतं. ते बघून मला जे कळायचं ते कळलं, रिपोर्ट नंतर आला. पांढऱ्या पेशी ३२०० (एरवी पाचाच्या आत असतात), त्यातल्या ९० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशी. पाण्यातली साखर १२, त्याच वेळी रक्तातली १४०. प्रथिनं ३१०. स्लाइडवर जांभळे, जोडीजोडीने बसलेले गोल जंतू. न्यूमोकॉकस. कानातून, कानामागच्या हाडातून आत शिरलेला.

भाऊ चौदा दिवस अ‍ॅडमिट होता. जिवावरचं टळलं, डावा कान मात्र गेला. आता तोल सांभाळण्याचे व्यायाम चालू आहेत.

लुळं पडण्याचं म्हणाल तर नंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई जाते तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. तिथे नुसत्या नसा पाण्यात तरंगत असतात, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या. सुई आली की बाजूला सरकतात. पूर्वी मेनिन्जायटिस झालेले बरेच जण आजारानेच अधू व्हायचे, आणि लोकांच्या लक्षात राहायची सुई.

त्या चाळीस मिनिटांबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं. म्हणून धागा. प्रश्न असतील तर विचारा. इथे डॉक्टर मंडळी आहेत, माझं चुकलं तर दुरुस्त करा.

टाचणी | सोमवार, रात्री १०:३१

बाप रे. वाचनखूण साठवली. भावाला लवकर बरं वाटो.

चौकस | सोमवार, रात्री १०:५०

लेख आवडला, पण एक विचारतो. साध्या फ्लूमध्येही ताप, डोकेदुखी, मान दुखणं सगळं असतं. दर वेळी इमर्जन्सीत धावायचं का? मान आखडली म्हणजे नक्की कशी?

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:३८

@चौकस, मी बालरोगतज्ज्ञ आहे, मोठ्यांचे रुग्ण रोज बघत नाही. तरी सांगतो.

मान डावी-उजवीकडे वळवताना दुखणं हे बहुधा स्नायूंचं. मेनिन्जायटिसमध्ये हनुवटी छातीला टेकवता येत नाही. पुढे वाकवायला गेलं की मान फळीसारखी अडते. पण हनुवटी टेकली म्हणून निर्धास्त होऊ नका. पुस्तकात तीन लक्षणं असतात: ताप, ताठ मान, शुद्धीत फरक. नेदरलँड्समधल्या प्रौढ रुग्णांच्या मोठ्या पाहणीत (६९६ प्रसंग, २००४ साली प्रसिद्ध) ही तिन्ही एकत्र फक्त ४४ टक्क्यांत होती. डोकेदुखी चौथी धरली तर चारातली निदान दोन ९५ टक्क्यांत सापडली. म्हणून आम्ही तिन्ही जमायची वाट बघत नाही. केर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांच्या नावाच्या पाय-मान वाकवायच्या तपासण्या परीक्षेत हमखास विचारतात. त्या पॉझिटिव्ह आल्या तर उपयोगी, निगेटिव्ह आल्या तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

फ्लूपेक्षा वेगळं काय, याचं माझं उत्तर एकच: माणूस ‘तो’ वाटत नाही. चार्जर कानाला लावणारा माणूस तापाने नुसता थकलेला नसतो. असंबद्ध बोलणं, उठवून न उठणं, झटका येणं यातलं काही ताप आणि डोकेदुखीच्या जोडीला आलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

तान्ह्या बाळांचं सगळंच वेगळं. मान बहुतेकदा ताठ नसतेच. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, एका उंच सुरात किरकिरत राहतं. उचलून घेतल्यावर एरवी बाळ शांत होतं, इथे उचललं की जास्त रडतं, कारण हालवलं की दुखतं. टाळू फुगून वर आलेली असू शकते. नवजात बाळाला तापाऐवजी अंग गार पडणं हेही लक्षण आहे, आणि घरचे नेमके तिथेच फसतात: ‘ताप नाही ना, मग ठीक आहे.’ तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर दुसरं काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

अंगावरच्या ठिपक्यांबद्दल. मेनिन्जायटिसचा दुसरा एक जंतू, मेनिंगोकॉकस, रक्तात पसरला की त्वचेखाली रक्तस्राव होऊन जांभळट-लाल ठिपके येतात. काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यांवर दाबून धरा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं, हे पडत नाही. सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीच्या आत, तोंडात टाळ्यावर बघा. ग्लासखाली ठिपके तसेच राहिले तर तडक निघायचं. मात्र ठिपक्यांची वाट बघू नका. ते बऱ्याचदा उशिरा येतात आणि कित्येकांना येतच नाहीत. मुलाचे हातपाय गार, पाय विलक्षण दुखताहेत आणि ताप आहे, ही अवस्था ठिपक्यांच्या कित्येक तास आधीची असू शकते.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:०५

‘उचलल्यावर जास्त रडतं’ हे वाचून काटा आला. माझ्या भाचीचं अगदी हेच होतं, अकराव्या दिवशी. घरात सगळे म्हणत होते पोट दुखत असेल. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस निघाला. आज ती नऊ वर्षांची आहे, बडबडी.

शब्दशः | मंगळवार, सकाळी ९:२०

अवांतर: आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द सगळीकडे लावतात, त्यामुळे गोंधळ होतो. मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांचा दाह, एन्सेफलायटिस म्हणजे खुद्द मेंदूचा. वर्तमानपत्रं दोन्हींना मेंदूज्वर म्हणतात. शिवाय मेनिन्जायटिस व्हायरसने होतो, टीबीने होतो, बुरशीनेही होतो. व्हायरसचा बहुधा आपोआप बरा होतो. ‘माझ्या चुलत्यांना मेंदूज्वर झाला होता, काही नाही, आठ दिवसांत बरे झाले’ हे ऐकलं की आधी विचारावं, कोणता?

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ९:४४

@शब्दशः, पूर्ण सहमत. टीबीचा तर आठवडे-आठवडे हळूहळू चढतो: बारीक ताप, चिडचिड, वजन घटणं. बॅक्टेरियल मात्र तासांत बिघडतो. आणि सुरुवातीला पलंगाशेजारी उभं राहून कोणता ते छातीठोक सांगता येत नाही. म्हणूनच पाणी काढायचं.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी १:१५

मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. आमच्या बाजूने थोडं.

मणक्यातलं पाणी आलं की बाकीची कामं बाजूला ठेवतो. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी तासा-दोन तासांत फुटायला लागतात. उशीर झाला की मोजणी खोटी कमी येते. आणि कल्चरची बाटली कोणीतरी ‘काळजीपोटी’ फ्रीजमध्ये ठेवतं! मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस हे जंतू गारठ्यात मरतात. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त भांडणं या फ्रीजवरून झाली आहेत.

दुसरं म्हणजे साखर. पाण्यातली साखर एकटी वाचून उपयोग नाही, त्याच वेळची रक्तातली हवी. निशिगंधताईंनी दोन्ही आकडे दिलेत म्हणून बरं. १४० ला १२ म्हणजे दशांशाहूनही कमी. निरोगी माणसात साधारण दोन तृतीयांश असते, ०.४ च्या खाली गेली की आम्ही सावध होतो.

तिसरं, आधी दिलेलं औषध. शिरेतून योग्य अँटिबायोटिक गेल्यावर मेनिंगोकॉकस दोन तासांत पाण्यातून नाहीसा होऊ शकतो, न्यूमोकॉकस चारेक तासांपासून. मग कल्चरवर काही उगवत नाही. पण पेशी, साखर, प्रथिनं इतक्या लगेच पूर्ववत होत नाहीत, आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) मेलेल्या जंतूचाही माग काढते. शिवाय औषधाआधी घेतलेलं रक्ताचं कल्चर असतंच. तुमच्या डॉक्टरांनी क्रम अचूक ठेवला: आधी रक्त, मग औषध, मग जमेल तितक्या लवकर पाणी. तुमच्या चाळीस मिनिटांनी कल्चर बुडालं नाही. जंतू सापडला ना? मग झालं.

अर्धवट उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊन येणारे मात्र आमची खरी पंचाईत करतात. त्या गोळ्या आजार बरा करत नाहीत, फक्त जंतूचा चेहरा पुसतात.

टाचणी | मंगळवार, रात्री ८:०२

आमच्या नात्यात उलटा अनुभव. आधी डोक्याचा सीटी स्कॅन, मग पाणी, मग रिपोर्ट आणि त्यानंतर औषध. यात पाच तास गेले. सीटी लागतोच का?

पिंपळपान | मंगळवार, रात्री १०:२६

सगळ्यांना नाही. कवटीत दाब खूप असेल, एखादी गाठ किंवा गळू असेल, तर खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकण्याची भीती असते. म्हणून शुद्ध बरीच हरपलेली, नुकताच झटका आलेला, एक बाजू कमजोर, डोळ्याच्या पडद्यामागे सूज, आधीचा मेंदूचा आजार किंवा प्रतिकारशक्ती फार कमी, अशांचा सीटी आधी करतात. पण मग औषध सीटीच्या रांगेत उभं राहत नाही. रक्त घ्या, डेक्सामेथासोन आणि अँटिबायोटिक द्या, मग स्कॅनला पाठवा. तुमच्या नातेवाइकांच्या बाबतीत सीटी करणं चुकलं असं मी म्हणणार नाही. औषध शेवटी ठेवलं, ते चुकलं.

चौकस | मंगळवार, रात्री १०:४१

हे डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइडच ना? जंतुसंसर्ग असताना स्टेरॉइड? प्रतिकारशक्ती दाबून टाकायची आणि वर म्हणायचं जंतू मारतोय? माफ करा, पण पटत नाही.

पिंपळपान | बुधवार, सकाळी ६:५८

@चौकस, शंका रास्त आहे, डॉक्टरही वर्षानुवर्षं यावर भांडले आहेत.

अँटिबायोटिकने जंतू फुटले की त्यांच्या भिंतींचे तुकडे पाण्यात पसरतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, सूज भडकते. कवटीत सुजायला जागा नसते. म्हणजे नुकसान काही अंशी जंतूचं आणि काही अंशी आपल्याच फौजेचं. स्टेरॉइड त्या फौजेला आवरतं, म्हणून ते अँटिबायोटिकच्या जरा आधी किंवा बरोबर द्यायचं. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ वर आलं, सगळ्यात जास्त फायदा न्यूमोकॉकसच्या रुग्णांना. मुलांत हिमोफिलस बी असेल तर बहिरेपण कमी होतं. मात्र आफ्रिकेत मलावीतल्या चाचण्यांत असा फायदा दिसला नाही. तिथले रुग्ण उशिरा येत, अनेकांना एचआयव्ही होता. नवजात बाळांना देत नाही. लिस्टेरिया हा जंतू निघाला तर थांबवतात. बाकीच्यांना चार दिवस.

लिस्टेरियावरून आठवलं. मोठ्यांना सुरुवातीला सहसा सेफ्ट्रायाक्झोन आणि व्हँकोमायसिन देतात. पण लिस्टेरियावर सेफ्ट्रायाक्झोन चालतच नाही. म्हणून पन्नाशीपुढचे, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना अँपिसिलिन जोडावं लागतं. आजोबांना आणि नातवाला एकच आजार असला तरी पहिलं सलाइन वेगळं असू शकतं ते यामुळे. जंतू कळला की नको ती औषधं काढून टाकतात. मुदतही जंतूवर: मेनिंगोकॉकसला साधारण सात दिवस, न्यूमोकॉकसला दहा ते चौदा, लिस्टेरियाला तीन आठवडे किंवा जास्त.

चौकस | बुधवार, सकाळी ८:१०

आपल्याच फौजेचं नुकसान, हे समजलं. आभार. शब्द मागे.

निशिगंध | बुधवार, दुपारी ३:३३

@सूक्ष्मदर्शी, ‘मग झालं’ हे दोन शब्द मी आईला वाचून दाखवले. आभार.

अजून एक गोंधळ आमच्याकडे झाला. भाऊ आयसीयूत असताना घरचे बारा जण ‘आम्हालाही प्रतिबंधक गोळ्या द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले. त्यांनी नाही म्हटलं तर काही जण रुसले.

रानजाई | बुधवार, दुपारी ४:१२

डॉक्टरांचं बरोबर होतं. न्यूमोकॉकस असेल तर जवळच्यांना गोळ्या देत नाहीत. मेनिंगोकॉकस असेल तर एकाच घरात राहणारे, एका खोलीत झोपणारे, रुग्णाचं चुंबन घेतलेले अशांना देतात आणि शक्यतो २४ तासांच्या आत. मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीत झालं होतं तेव्हा हे सगळं कळलं. तिला सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच गोळी दिली. तिच्या मैत्रिणीला रिफँपिसिन दिलं, दिवसातून दोनदा, दोन दिवस. लघवी नारिंगी होईल हे सांगितलं होतं. अश्रूही नारिंगी होतात हे कोणी सांगितलं नाही, तिच्या कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगल्या. आणि रिफँपिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. गरोदर असेल तर सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन देतात.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, संध्याकाळी ६:४०

लशींचा विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. हिमोफिलस बी हा लहान मुलांत एके काळचा मोठा मारेकरी. लस आल्यावर मी नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत तो जवळजवळ बघितलाच नाही. नव्या मुलामुलींना जुन्या स्लाइड दाखवून शिकवायचो. न्यूमोकॉकसची लस आहे, पण त्याचे शंभरच्या आसपास प्रकार, लशीत त्यातले निवडक. म्हणून धोका कमी होतो, शून्य होत नाही. मेनिंगोकॉकसच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या गटांची एक लस आणि बी गटाची वेगळी. एकीने दुसरीचं काम होत नाही. हजला जाणाऱ्यांना चार गटांची सक्तीची आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या साथी येत. १९९६ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि सुमारे २५ हजार मृत्यू. २०१० पासून तिथे मेनअफ्रिव्हॅक ही खास ए गटाची लस द्यायला लागले आणि तो गट जवळपास नाहीसा झाला. मग सी, डब्ल्यू, एक्स यांनी डोकं वर काढलं. आता पाच गटांची लस आहे, २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरली.

मोठ्यांत प्लीहा काढलेले, कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेले, मेंदूभोवतीचं पाणी कुठून तरी गळणारे यांनी लशींचं विचारायलाच हवं.

एकला | बुधवार, रात्री ११:५५

नेहमी वाचनमात्र असतो. ‘पाणी गळणारे’ वाचून थबकलो. चार वर्षांपूर्वी अपघातात कपाळाला फ्रॅक्चर झालं होतं. तेव्हापासून खाली वाकलं की उजव्या नाकपुडीतून थेंब थेंब पाणी येतं. अगदी स्वच्छ. अ‍ॅलर्जी म्हणून फवारा मारतो. गेल्या वर्षी मेनिन्जायटिस होऊन गेला. दोन्हींचा संबंध कोणी जोडला नाही, मीही नाही.

पिंपळपान | गुरुवार, सकाळी ६:३१

@एकला, आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घ्या. हेच वाक्य त्यांना सांगा: कपाळाचं फ्रॅक्चर, एकाच नाकपुडीतून वाकल्यावर पाणी, एकदा मेनिन्जायटिस. ते पाणी स्वच्छ बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासायला देता येतं. हे प्रथिन मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, शेंबडात नसतं. फट असेल तर जंतू त्याच वाटेने परत येऊ शकतात. तोवर ताप आणि डोकेदुखी आली तर घरी थांबायचं नाही.

@निशिगंध, भावाच्या कानाचा एमआरआय झाला का? मेनिन्जायटिसनंतर आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत हाड भरायला लागतं, कधी काही आठवड्यांतच. एकदा भरलं की इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होतं. ‘सहा महिने बघू’ असं कोणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. उजव्या कानाचीही तपासणी पुन्हा करा.

निशिगंध | गुरुवार, सकाळी ८:४७

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आत्ताच फोन लावतेय.

निशिगंध | साडेतीन आठवड्यांनी, शनिवार

धागा वर काढतेय. एमआरआयमध्ये हाड भरायची सुरुवात दिसली, पण वाट अजून मोकळी आहे. पुढच्या बुधवारी इम्प्लांट. त्याआधी न्यूमोकॉकसची लस दिली. संमतीपत्राची चारही पानं भावाने स्वतः वाचली आणि पेन माझ्या हातात न देता सही करून टाकली.

@एकला, तुमचं काय झालं?

एकला | रविवार, दुपारी १२:०९

तपासणी पॉझिटिव्ह आली. कपाळाच्या सायनसच्या मागच्या भिंतीत फट होती. गेल्या सोमवारी नाकातून दुर्बीण घालून बुजवली. तेव्हापासून नाक कोरडं आहे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायला बंदी. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. काल रात्री तशी शिंकलो, मांजर पलंगाखाली जाऊन बसलं ते अजून बाहेर आलेलं नाही.